सारथ्याची विद्या

चाळिशी उलटलेल्या, पदवीधर, बायकामुलांच्या माणसानें मालमोटार हांकण्याचें शिक्षण घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न आजवर कोणत्या वक्तृत्वसभेंत कोणी घातल्याचें मला स्मरत नाहीं. आमच्या इंदापूरच्या घरांत मात्र गेल्या वर्षीं त्याचा खल तीन महिने चालला होता. प्रश्न माझ्या पुतण्याचा. थोरल्या बंधूंच्या माघारीं तो आमच्यांतच वाढला, वाणिज्य शाखेची पदवी घेतली, आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत एका खासगी कारखान्यांत अठरा वर्षें हिशेबनीस होता. हिशेब यंत्रावर गेले, चौघांचें काम एकटा करूं लागला, आणि उरलेल्या तिघांत हा निघाला. वय चव्वेचाळीस. सहा महिने अर्ज केले. सर्वत्र तरुण माणूस पाहिजे होता. मग एके रात्रीं जेवतां जेवतां त्यानें शांतपणें सांगितलें, "मी जड वाहनाचा परवाना काढणार आहें. ट्रक चालवीन."

पानावरच वाद सुरू झाला. माझे धाकटे बंधू म्हणाले, "मोरोपंतांच्या बारामतींत अठरा वर्षें काढून हें सुचावें ना!" मला हंसूं आलें. मोरोपंत जन्मले पन्हाळ्यास. बारामतीस नाईकांच्या आश्रयाला आले ते चरितार्थासाठींच. कोणी म्हणालें, उद्यां मुलीचें लग्न ठरवितांना काय सांगावयाचें? वहिनी, म्हणजे त्याची आई, कांहींच बोलल्या नाहींत. सूनबाईनें तेवढें विचारलें, "रात्रीं झोप केव्हां घ्यायची?" त्या पंक्तींत मुद्द्याचा प्रश्न तो एकच होता, आणि त्याचें उत्तर कोणाजवळ नव्हतें.

माझें शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचें व पुढें पाठशाळेंतील संस्कृताचें. त्यामुळें असें कांहीं निघालें कीं मन महाभारताकडे धांवतें. नलराजा राज्य गमावल्यावर बाहुक हें नांव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे अश्वशाळेवर राहिला. वेतनही ठरलें: शंभर शतें, म्हणजे दहा हजार. त्याच अश्वशाळेंत त्याचा जुना सारथी वार्ष्णेय होता, पण त्यालाही धनी ओळखूं आला नाहीं. तथापि नीट पाहतां आमच्या पुतण्याचें साम्य नलाशीं नसून ऋतुपर्णाशीं आहे. ऋतुपर्ण हा मोठा गणिती, बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें पाहतां पाहतां मोजणारा. त्यानें आपली संख्याविद्या सारथ्याला दिली आणि मोबदल्यांत त्याची अश्वविद्या घेतली. हिशेब जाणणारानें सारथ्याचा शिष्य व्हावें, यांत व्यासांना कांहीं हलकें दिसलें नाहीं.

अर्थात् दुसरी बाजू न सांगणें ही लबाडी होईल. त्याच भारतांत कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणविलें आहे, आणि कर्णाचें सारथ्य करावयास सांगितल्यावर शल्याचा संताप अनावर झाला आहे. रामायणांतला सुमंत्र सारथीही आहे आणि दशरथाचा मंत्रीही. पण असे सुमंत्र थोडे. आपल्या घरांतून शल्याचा तो राग अजून गेलेला नाहीं. दाराशीं ट्रकवाला आला तर आपण त्याला पाणी अवश्य देतों. पेला कोणता द्यावयाचा हें मात्र आंतून ठरतें.

वादाच्या तिसर्‍या आठवड्यांत पुतण्याच्या मुलीनें योगिता रघुवंशी यांची हकीकत वाचून दाखविली. या बाई मूळच्या आपल्या नंदुरबारच्या. वाणिज्य व कायदा या दोन्ही शाखांच्या पदवीधर. २००३ सालीं पति निवर्तले, पदरीं दोन लहान मुलें. तेव्हां त्या भोपाळास राहून मालमोटार चालवूं लागल्या आणि देशभर माल पोंचविला. वहिनी त्या दिवशीं पहिल्यानें बोलल्या: "बाईमाणूस करतें, मग ह्याला काय झालें?" माझा नलोपाख्यानाचा सगळा खटाटोप या एका वाक्यापुढें फिका पडला.

शिक्षण सुरू झालें. जड वाहनाचा परवाना मागणारापाशीं हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जुना असावा लागतो, आणि वयाचीं वीस वर्षें पूर्ण असावीं लागतात. "काका, ही दुसरी अट मी दोनदां पुरी केली आहे," असें तो म्हणाला. मग वैद्याचा दाखला, शिकाऊ परवाना, आणि त्यानंतर तीस दिवस लोटल्यावर परीक्षा. पूर्वीं आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ सालीं काढून टाकली. मला मास्तर म्हणून क्षणभर वाईट वाटलें. पण आठवी उत्तीर्ण होऊनही रस्त्यावरची पाटी न वाचणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत.

बारामतीस त्याला शिकविणारे गुरु वयानें त्याच्याहून बारा वर्षांनीं लहान. पहिले चार दिवस ते त्याला 'साहेब' म्हणत. पांचव्या दिवशीं मागचें चाक गटारांत गेलें आणि ते 'अरे' वर आले. माझ्या मतें खरें शिक्षण तेव्हांपासून सुरू झालें.

रोज संध्याकाळीं परत आला कीं तो आईला दिवसाचा पाठ सांगे, आणि आम्ही सगळे ऐकत बसूं. घरच्या मोटारीचा ब्रेक तेलाच्या दाबानें चालतो, मोठ्या ट्रकाचा वार्‍याच्या. टाकींत हवेचा दाब पुरेसा भरल्याचें कांटा सांगेपर्यंत गाडी जागची हलवावयाची नाहीं. वळणावर मागचीं चाकें पुढच्यांच्या वाटेनें येत नाहींत, आंतून कापीत येतात. म्हणून वळण रुंद घ्यावयाचें. डाव्या दाराखालीं सायकलवाला असला तर चालकाला तो दिसतच नाहीं. दिवेघाटासारखा घाट ज्या गियरांत चढावयाचा, साधारण त्याच गियरांत उतरावयाचा; सारखा ब्रेक दाबून धरला तर तो तापतो आणि नेमक्या वेळीं धरेनासा होतो. हें ऐकून माझे बंधू म्हणाले, "म्हणजे उतारावरही चढाइतकेंच सांवकाश?" बंधूंचा हा पहिला बिनरागाचा प्रश्न होता.

गळिताच्या दिवसांत आमच्या बाजूचा रस्ता हीच एक परीक्षा असते. भवानीनगर, माळेगांव, सोमेश्वरनगर इकडे जाणार्‍या उसाच्या बैलगाड्या, दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांतल्या कित्येकांच्या मागें दिव्याचा पत्ता नाहीं. आणि त्यांतूनच पुणें-सोलापूर महामार्गाचा वेग. अशा वेळीं शेजारीं बसलेल्या दुसर्‍या माणसाचे डोळे उपयोगी पडतात. 'क्लीनर' या शब्दाचा आपल्या लोकांनीं 'किन्नर' केला आहे. अमरकोशाप्रमाणें किन्नर म्हणजे घोड्याच्या तोंडाचा. वाहनाशीं त्याचें नातें लोकांनीं न कळत बरोबर जुळविलें!

परवाना मिळाला, आणि सूनबाईचा प्रश्न पुन्हां समोर उभा राहिला. एका वाहतूकदारानें, ज्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, पहिल्याच भेटींत अट घातली: माल संध्याकाळीं भरेल, सकाळीं दूरच्या बाजारांत उतरला पाहिजे, जोडीला कोणी मिळणार नाहीं, पैसे फेरीवर. १९६१ सालीं मोटार-कामगारांसाठीं कायदा झाला. त्यांत दिवसाला सामान्यतः आठ तास काम आणि सलग पांच तासांच्या आंत निदान अर्धा तास विसांवा सांगितला होता. परंतु जो फेरीवर पोट भरतो, त्याला विसांव्याचे पैसे कोणी देत नाहीं, आणि म्हणून तो विसांवा घेत नाहीं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणार्‍या मोठ्या ट्रकांत चालकाच्या जागीं वातानुकूलन सक्तीचें झालें, हें चांगलेंच. पण पहांटे दोन ते पांच या वेळांत डोळ्यांवर जी झांपड येते, ती थंड हवेनें जात नाहीं. ती झोपेनेंच जाते.

पुतण्या तें काम पत्करण्याच्या बेतांत होता. मुलीची महाविद्यालयाची फी पुढच्याच महिन्यांत भरावयाची होती. त्या रात्रीं मीं मंडळींना सांगितलें, कीं तीन महिने आपण लोक काय म्हणतील याची चर्चा केली. घराला हरकतच घ्यावयाची असेल तर ती आतां घ्यावी, या कामाला घ्यावी. एकत्र राहण्याचा कांहीं उपयोग असेल, तर तो माणसाला 'नाहीं' म्हणतां यावें एवढ्यासाठींच आहे. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग मोरोपंतांचा दाखला देणारे माझे बंधूच म्हणाले, "फी मी भरतों. पण दोन चालक असलेल्या गाडीवरच जा."

तशी गाडी मिळण्यास सात आठवडे लागले. ते दिवस सोपे गेले नाहींत. पुतण्या घरांत कमी बोले, आणि फीच्या पावतीकडे पाहणें टाळी. आतां तो साखरेचीं पोतीं घेऊन हैदराबादच्या बाजूस जातो आणि चौथ्या दिवशीं परततो. जोडीदार सत्तावीस वर्षांचा आहे. तो याला 'काका' म्हणतो, आणि याची चूक झाली कीं सांगण्यास कचरत नाहीं. पगार पूर्वींच्या नोकरीपेक्षां किंचित् कमी आहे. पाठ दुखते, तिला वहिनी तेल लावून देतात. गाडींत त्यानें एक लांबट वही ठेवली आहे, हिशेबनिसाच्या हातची: पहिला रकाना डिझेलचा, दुसरा टोलचा, तिसरा झोपेचा. गेल्या फेरीच्या पानावर तिसर्‍या रकान्यांत 'साडेपांच तास, हुमनाबाद' असें लिहिलेलें आहे.