चौथा कोअर आणि परभणीचा मे

परभणी जिल्ह्यातल्या मानवतसारख्या गावात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणाऱ्याला प्रोसेसरचा वेग कशाशी खातात हे कुणी शिकवावं लागायचं नाही. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे तिथी दाट असायच्या, कॅसेटींचा ढीग साचायचा आणि नवरीकडचे दाराशी येऊन उभे राहायचे, "भाऊ, सीडी कधी भेटंल?" कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायला कॅसेट जेवढ्या तासांची तेवढाच वेळ जायचा, तिथं कुठलाही प्रोसेसर कामाचा नव्हता. पुढचं रेंडरिंग मात्र सगळं त्याच्याच जिवावर.

२०१० मध्ये देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादला जाऊन तिथल्या सीटीसी या कॉम्प्युटरच्या बाजारातून मी एएमडीचा अ‍ॅथलॉन टू एक्स-थ्री ४३५ आणला. तीन कोअर, २.९ गिगाहर्ट्झ. पैसे मोजताना माझं लक्ष चौथ्या कोअरवर होतं. कारण आतला सिलिकॉनचा तुकडा मुळात चार कोअरचाच असतो. तपासणीत एखादा कोअर नापास झाला की तो बंद करून चिप तीनची म्हणून विकायची, ही कंपनीची रीत होती. पण स्वस्त मालाला उठाव जास्त असला की धडधाकट चिपचाही एक कोअर बंद होऊन ती त्याच डब्यात जायची. २००९ च्या सुरुवातीला हौशी मंडळींच्या ध्यानात आलं, की मदरबोर्डवर एसबी७५० किंवा एसबी७१० साउथब्रिज असेल, तर बायोसमधलं 'अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन' चालू केल्यावर झोपलेला कोअर जागा होऊ शकतो. ती सोय खरं तर आधीच्या फेनम प्रोसेसरांचा वेग नीट वाढावा म्हणून दिलेली होती.

माझ्या बोर्डावर एसबी७१० होता. सेटिंग 'ऑटो'वर टाकलं, सेव्ह केलं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि स्क्रीनवर एक्स-थ्रीच्या जागी एक्स-फोर उमटलं. तो आनंद मी आजही कमी लेखणार नाही. आपल्या हातातल्या वस्तूत काय दडलंय ते आपणच शोधून काढायचं, याची गोडी मला तिथं लागली.

पण कोअर दिसणं वेगळं आणि तो टिकणं वेगळं. त्यासाठी प्राइम९५ हे सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवायचं. ते प्रत्येक कोअरकडून अवाढव्य आकड्यांचे गुणाकार करून घेतं आणि उत्तरं ताडून बघतं. ज्याचं उत्तर चुकलं त्याचं काम तिथंच थांबतं, म्हणजे कच्चा कोण ते उघड होतं. डिसेंबरात माझे चारही कोअर सकाळपर्यंत तगले. मग मी बसला, म्हणजे ज्याला गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो त्या मूळ वेगाला, हात घातला. या चिपचा गुणक १४.५ वर कुलूपबंद असतो, त्याहून वर नेता येत नाही. म्हणून २०० मेगाहर्ट्झची बस २३० केली. वेग झाला ३३३५. रॅम आणि हायपरट्रान्सपोर्टही त्याच बसवर चालतात, त्यामुळे त्यांचे गुणक आधी एकेक पायरी खाली आणले, नाहीतर दोष रॅमचा असतो आणि बोल प्रोसेसरला लागतो. चार कोअर आणि वाढलेला वेग मिळून, हिशेबानं दीडपट काम.

मग मे आला. कृषी विद्यापीठाच्या नोंदीत परभणीचा पारा हिवाळ्यात पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे, आणि मे महिन्यात तोच चव्वेचाळिशीला टेकतो. पंख्याचा हिटसिंक चिपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. तो फक्त दोघांतला फरक आटोक्यात ठेवतो. माझ्याकडे पूर्ण लोडवर हा फरक तिसेक अंशांचा. खोली अठरावर असेल तर चिप अठ्ठेचाळीस, खोली बेचाळीसवर असेल तर बहात्तर, आणि या चिपची मर्यादा सत्तरीच्या आसपास. त्यात चौथा कोअर उघडला की कोअरचे सेन्सर भलतेच आकडे दाखवतात. सॉकेटजवळच्या सेन्सरवरच विसंबावं लागतं. थंड देशातल्या माणसानं वीस अंशांच्या खोलीत काढलेले आकडे मानवतला कामाचे नाहीत. मी तेव्हापासून फरकच मोजतो, आणि वेग वाढवणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतो.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख कुठल्याही मार्गदर्शनात मला सापडला नाही. कापसाचं जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचे तंतू उडतात. ते पंख्यातून आत जातात आणि हिटसिंकच्या पात्यांवर आडवे बसतात. वर पंखा छान फिरतो, आवाजही नेहमीचाच. पंखा उचलला की खाली करड्या रंगाची, बोटानं सोलून निघेल अशी गादी. ती काढली, ब्लोअर मारला, जुनी पेस्ट पुसून नवी लावली की पाच-सात अंश सहज उतरतात. महागडा कूलर घ्यायच्या आधी हे करावं.

उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून उन्हाळ्यात व्होल्टेज खाली आणायचं आणि बस पुन्हा २०० वर. तरीही भर दुपारी प्राइम९५ मध्ये थांबायचा तो चौथाच कोअर. म्हणून माझ्याकडे दोन सेटिंग असायची, कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवलेली: एक थंडीचं, एक मे महिन्याचं. मे महिन्यात दिवसा तीन कोअर. रात्री बारानंतर, लोडशेडिंग नसेल तर, चार. वेग वाढवला की वीजही जास्त लागते आणि यूपीएस लवकर धापा टाकतो, हेही त्या कागदावर लिहिलेलं होतं.

मागे पाथरीचा एक पोरगा तसलाच जुना एक्स-थ्री घेऊन आला. "काका, चौथा चालू करून द्या." सेटिंग बदललं तर मशीन उठेचना. सीमॉस क्लिअर केलं, व्होल्टेज थोडं चढवून पाहिलं, तरी तेच. त्याचा चौथा खरोखरच नापास होता. पोराचा चेहरा पडला. मी हिटसिंक साफ करून दिला, तीन कोअरवर बस २२० केली आणि त्याच्यासमोर प्राइम९५ लावलं. चहा होईपर्यंत तिन्ही व्यवस्थित चालत होते. तो म्हणाला, "रात्रभर राहू द्या काका, उद्या येतो न्यायला."