स्वभावाला औषध नाहीं

कांहीं घरांना आडनांवाबरोबर एखादी म्हणहि वारसाहक्कानें मिळत असावी. आमच्या घराला मिळालेली म्हण "स्वभावाला औषध नाहीं" ही होय. थोरल्या काकांनीं वाटणीवरून अबोला धरला, आत्या लग्नाच्या पंक्तींतून रुसून उठून गेली, कीं शेवटीं कोणीतरी सुस्कारा टाकून हें वाक्य उच्चारावयाचें आणि त्या प्रकरणावर पडदा पडावयाचा. परंतु या म्हणीचा सर्वांत अधिक उपयोग जर कोणीं केला असेल, तर तो माझ्या आईनें. आणि तोहि माझ्या वडिलांच्या बाबतींत.

नाना तालुक्याच्या गांवीं हायस्कुलांत शिक्षक होते. माझ्या लहानपणचे नाना मला आठवतात, ते पेटीवर बसलेले. संध्याकाळीं शाळेंतून आले, कीं चहा घेऊन ते पेटी पुढें ओढीत, एका हातानें भाता मारीत एखादें नाट्यपद वाजवूं लागत आणि मध्येंच थांबून आईला हाक मारीत, "ऐकतेस ना ग?" १९७९ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्यांना रक्तदाबाचा विकार जडला. गांवच्या डॉक्टरांनीं गोळ्या सुरू केल्या. दाब उतरला, पण पुढें वर्ष-दीड वर्षांत केव्हांतरी पेटी माळ्यावर गेली. कोणत्या दिवशीं गेली, तें कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. कारण कांहीं भांडण होऊन ती गेली नव्हती. नाना शाळेंत जात, घरीं येत, जेवीत आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहात. आई म्हणे, "त्यांचा स्वभावच तसा. स्वभावाला औषध नाहीं."

१९८९ सालीं मी बी. ए. ला पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालों. निकाल घेऊन मी एस. टी. नें गांवीं आलों आणि नानांच्या पायांवर डोकें ठेवलें. "बरें झालें," एवढे दोनच शब्द बोलून त्यांनीं कूस बदलली. ते दोन शब्द मीं पुढें तीस वर्षें सांभाळून ठेवले. इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक झाल्यावर शेक्सपिअरच्या हट्टी, तापट, मुलांवर अन्याय करणाऱ्या राजांकडे सहानुभूतीनें कसें पाहावें, हें मीं विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना शिकविलें; परंतु आपल्या घरांतील त्या अबोल शिक्षकाकडे तसें पाहावें, असें मला कधीं सुचलें नाहीं. १९९९ सालीं नाना गेले.

पुढें माझी पाळी आली. २०२१ सालच्या पावसाळ्यांत मला पहांटे तीनला जाग येऊं लागली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तसेच पडून राहूं लागले. व्याख्यान देतांना आपणच आपला आवाज दुरून ऐकत आहों, असें वाटे. दुःख म्हणावें तर तेंहि नव्हतें. दुःखालाहि कांहीं चव असते. शेवटीं पत्नीनें मला एका मानसरोगतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं औषधाच्या चिठ्ठीवर दोन मज्जापेशी काढल्या, त्यांच्यामध्यें एक फट ठेवली आणि त्या फटींत पेन्सिलीनें चार-सहा टिंबें दिलीं. "सर, हें सेरोटोनिन. आपल्या मेंदूंत सध्यां हें कमी पडतें आहे. मधुमेहांत इन्सुलिन कमी पडतें ना, तसेंच समजा. ही गोळी या टिंबांना परत पेशींत शिरूं देत नाहीं. त्यामुळें तीं फटींत अधिक वेळ राहतात."

मला किती हायसें वाटलें म्हणून सांगूं! मी आळशी नव्हतों, कृतघ्न नव्हतों. माझीं चार टिंबें कमी पडलीं होतीं, इतकेंच. तीन आठवडे गोळीचा कांहीं गुण दिसला नाहीं. चौथ्या आठवड्यांत एके दिवशीं जेवतांना मी म्हणालों, "आमटींत मीठ कमी आहे." पत्नी वाढतां वाढतां थांबली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलें. मला वाटलें, मीं तिला दुखविलें. ती म्हणाली, "चार महिन्यांत तुम्हीं कशाला बरें-वाईट म्हटलें नव्हतें!"

प्रकृति सुधारल्यावर मास्तरी खोड जागी झाली आणि या सेरोटोनिनचें कूळ-मूळ शोधण्याचा मीं सपाटा लावला. गंमत अशी, कीं मनाचें म्हणून गाजलेलें हें द्रव्य प्रथम सांपडलें तें पोटांत. १९३० नंतरच्या दशकांत व्हित्तोरिओ एर्स्पामेर या इटालियन शास्त्रज्ञाला आंतड्याच्या अस्तरांतील पेशींत तें आढळलें. १९४८ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें रॅपोर्ट, ग्रीन व पेज या तिघांनीं रक्तवाहिन्या आकुंचित करणारें एक द्रव्य रक्ताच्या सीरममधून वेगळें काढलें आणि त्याला सेरोटोनिन हें नांव दिलें. दोन्ही द्रव्यें एकच, हें १९५२ सालीं ठरलें. समुद्रांतील शिंपल्यांत राहणाऱ्या एका प्राण्याच्या स्नायूंवर प्रयोग करीत आलेल्या बेटी ट्वारॉग या तरुण विदुषीनें पेज यांच्या प्रयोगशाळेंत सस्तन प्राण्यांच्या मेंदूंतहि तें असल्याचें दाखवून दिलें, तें १९५३ सालीं.

शरीरांतील सुमारें शेंकडा ९० सेरोटोनिन आजहि पोटांतच असतें, हें वाचून मला आपल्या मायबोलीचें कौतुक वाटलें. आपण अपराध पोटांत घालतों. दुसऱ्याचें बरें झालेलें पाहून आपलें पोट दुखतें. मूल दूर गेलें कीं पोटांत तुटतें. परंतु या योगायोगावर सिद्धान्त उभारण्यांत अर्थ नाहीं. पोटांतील सेरोटोनिनला मेंदूंत प्रवेश नसतो. मेंदूला लागणारें सेरोटोनिन तो स्वतःच, अन्नांतून येणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून तयार करतो. हें काम मेंदूच्या देठाशीं मध्यरेषेवर असलेल्या पेशींच्या पुंजक्यांत चालतें. त्यांना राफे म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण. मेंदूंतील सुमारें ८६ अब्ज मज्जापेशींत या शिवणींतल्या पेशी अवघ्या कांहीं लाख. पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर गेलेले असतात. झोंप, भूक, वेदना, चित्ताची स्थिति, या सर्वांत त्यांचा हात असतो.

आणि स्वभावांत? २००९ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचून मी थक्क झालों. वाळवंटांतील टोळ एरवीं एकलकोंडा असतो; जातभाई दिसला कीं बाजूला सरतो. परंतु गर्दींत त्याच्या मागल्या पायांना इतरांचे स्पर्श होऊं लागले, कीं त्याच्या छातींतील मज्जापुंजांत सेरोटोनिन वाढतें आणि दोन तासांच्या आंत तो समूहप्रिय होतो. टोळधाडीचा उगम तेथें आहे. आमच्या घराण्याच्या म्हणीला मिळालेला हा पहिला धक्का.

दुसरा धक्का घरचाच होता. वाचतां वाचतां सर्पगंधेचें नांव आलें. या वनस्पतीवर १९३१ सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं, उन्माद व रक्तदाब या दोहोंवरचें औषध म्हणून लिहिलें होतें. १९४९ सालीं मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील तिचे परिणाम ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले आणि जगाचें लक्ष तिकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. १९५५ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें, कीं रिसर्पीन मेंदूंतील सेरोटोनिनचीं कोठारें रिकामीं करतें. याच सुमारास, रक्तदाबासाठीं रिसर्पीन घेणाऱ्या कांहीं रोग्यांना खिन्नता येते, अशाहि हकीकती येऊं लागल्या. चित्तवृत्तीचा व या द्रव्यांचा संबंध जोडण्याची कल्पना बऱ्याच अंशीं येथूनच निघाली.

मीं पुस्तक मिटलें आणि आईची ट्रंक उघडली. नानांच्या पेन्शनच्या कागदांत डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या. १९७९ सालच्या चिठ्ठीवरील गोळीचें नांव मीं शोधून पाहिलें. तिच्यांत रिसर्पीन होतें.

ती चिठ्ठी घेऊन मी माझ्या डॉक्टरांकडे गेलों. बाप व लेक एकाच द्रव्याच्या दोन टोकांना बांधले गेले होते. त्याच्या गोळीनें तें रितें केलें, माझ्या गोळीनें राखलें. नाटकाच्या प्राध्यापकाला याहून सुरेख रचना कोठें मिळणार? परंतु डॉक्टरांनीं ती रचना विस्कटून टाकली. "सर, असेल, पण नसेलहि. रिसर्पीन सेरोटोनिनखेरीज इतरहि द्रव्यें रितीं करतें. आणि त्यानें खिन्नता येतेच, असा निर्वाळा देतां येत नाहीं. १९५५ सालींच लंडनमध्यें चिंतातुर व खिन्न रोग्यांना रिसर्पीन देऊन पाहिलें, तर कित्येकांना उलट आराम पडला. वडिलांच्या गोळ्या पुढें बदलल्या होत्या का?" बदलल्या होत्या, नवे डॉक्टर आले, तेव्हां. "मग ते बोलूं लागले?" नाहीं. तोंवर न बोलणें ही त्यांची रीतच होऊन बसली होती. किंवा तो खरोखरच त्यांचा स्वभाव असेल.

"आणि माझीं टिंबें?" मीं विचारलें. ते हंसले. सेरोटोनिन कमी पडल्यानेंच खिन्नता येते, याला सुसंगत पुरावा नाहीं, असा निष्कर्ष २०२२ सालच्या एका मोठ्या समीक्षेंत काढला गेला आहे, असें त्यांनींच सांगितलें. मात्र २०१८ सालीं ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हां खिन्नतेवरील २१ औषधांपैकीं प्रत्येक औषध पोकळ गोळीपेक्षां कमी-अधिक प्रमाणांत सरस ठरलें, हेंहि तितकेंच खरें. ताप उतरविणाऱ्या गोळीनें ताप उतरला, म्हणून शरीरांत ती गोळी कमी पडली होती, असें कोणी म्हणत नाहीं. "मग तें चित्र मला कां काढून दाखविलेंत?" ते म्हणाले, "त्या दिवशीं आपल्याला तेवढेंच पेलण्यासारखें होतें."

घरीं परततांना मला नानांची पेटी आठवली. भात्यांत वारा नसेल, तर कोणताच सूर निघत नाहीं. म्हणून कांहीं पद भात्यांत असतें, असें नाहीं. सेरोटोनिनला ओळखणारे ग्राहक निदान चौदा प्रकारचे आहेत. एक पेशीला 'चल' म्हणतो, तर दुसरा 'थांब'. एवढ्या गुंतागुंतीचा हिशेब चार टिंबांत मावणार नाहीं. परंतु "स्वभावाला औषध नाहीं" या वाक्यांत तरी तो कोठें मावत होता? डॉक्टरांचें चित्र अपुरें असलें, तरी त्यानें मला दार उघडून दिलें. आमच्या म्हणीनें मात्र तीस वर्षें दार लावून घेतलें होतें. त्या दाराआड आणखी कोण बसलें होतें, हें मला गेल्या दिवाळींत कळलें.

आई आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे. ती भिजलेले वाल सोलीत बसली होती. मीं तिला सारें सांगितलें. अगदीं जपून, प्रत्येक वाक्याला 'कदाचित्' लावून. ती बराच वेळ वाल सोलीतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते?"

"तुझ्यावर कशासाठीं रागावतील?"

"माझ्या भावाच्या लग्नाला मीं त्यांना न विचारतां पाटली मोडून पैसे दिले होते. त्याच वर्षीं. मला वाटलें, तेंच त्यांनीं मनांत धरलें."

ती म्हण ती कशावर झांकण म्हणून ठेवीत होती, हें त्या वेळीं मला उमगलें. मी कांहीं बोलणार, तोंच तिचे हात थांबले. "पण त्या गोळ्या मीच देत होतें रे! एक दिवस चुकूं दिला नाहीं."

हा विचार माझ्या मनांत आला नव्हता. एक ओझें उतरवावयास जाऊन मीं तिच्या डोक्यावर दुसरें ठेवलें होतें. मीं घाईघाईनें म्हटलें, "असेल म्हटलें, आई, आहे म्हटलें नाहीं. आणि थोरले काका पन्नाशींत अर्धांगानें गेले, तें आठव. नानांचा दाब तूं वीस वर्षें आवरून धरलास." हेंहि खोटें नव्हतें. तिनें मान हालविली. पटलें कीं नाहीं, तें कळलें नाहीं. उरलेले वाल आम्हीं दोघांनीं मिळून सोलले.

रात्रीं जेवणें झाल्यावर आईनें माझ्या गोळ्यांची पट्टी हातांत घेतली, ती दिव्यापाशीं नेऊन उलटसुलट करून पाहिली आणि विचारलें, "ही बोलती ठेवणारी ना रे?"

या प्रश्नाच्या उत्तराला शास्त्राप्रमाणें पुष्कळ पुरवण्या जोडाव्या लागतात. मी नुसतें "हो" म्हणालों. तिनें पाण्याचा पेला माझ्या पुढें सरकविला, मी गोळी घेईपर्यंत ती थांबली आणि मग पाटावर नीट बसत म्हणाली, "आतां सांग, कॉलेजांत आज काय काय झालें?"