चाळिशीनंतरची मुलाखत

दहिसर चेकनाका म्हटले की आमच्या भागातल्या माणसांना ट्रकांच्या रांगा आठवतात. मुंबईत येणाऱ्या मालावर महानगरपालिका जकात घेत असे आणि गुजरातकडून महामार्गाने येणारा माल आमच्या नाक्यावर थांबत असे. त्या रांगांवर कितीतरी घरे जगत होती. जकात एजंट, त्यांच्याकडे लिहिणारे, कागद घेऊन धावणारी पोरे, चहावाले, पंक्चरवाले. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. लागू झाला आणि एका रात्रीत जकात संपली. पालिकेचे कर्मचारी पालिकेच्या नोकरीत राहिले. एजंटांकडच्या माणसांना सामावून घेणारे खाते मात्र कुठलेच नव्हते.

मी त्यांच्यातलाच एक. एका एजंटाकडे एकोणीस वर्षे लिहिण्याचे काम केले. बिल, लॉरी पावती आणि गाडीतला माल यांचा मेळ घालायचा, फॉर्म भरायचा, भरणा करून गाडी सोडवायची. नोकरी गेली तेव्हा वय ४४, शिक्षण बारावी. मोठी मुलगी अकरावीला, धाकटा सातवीत.

सरकारी नोकरीचा विचार करावा तर महाराष्ट्रात २०१६ पासून वयाची अट खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. म्हणजे मी एका वर्षाने बाहेर. राहिली खाजगी नोकरी. तिथे आरक्षण नाही आणि माझ्यासारख्याच्या कामाला बहुधा लेखी परीक्षाही नाही. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला दहा मिनिटांत आपल्याबद्दल जे वाटेल, त्यावर घरची चूल अवलंबून.

आमच्या चाळीत एक काका आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात जे अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यांच्यातले ते एक. गिरणी पुन्हा काही सुटली नाही. कोणाच्या तरी ओळखीने वॉचमनची काठी त्यांच्या हाती आली. ते मला म्हणाले, "अरे, रिंगखात्यात पंधरा वर्षं काढली, पण तुला काय काय येतं असं मला कोणी विचारलंच नाही. आणि मीही कधी सांगितलं नाही." हे शब्द माझ्या मनात रुतून बसले. काम गेले तरी कामाचे ज्ञान जात नाही, पण ते तोंडाने सांगता आले नाही तर त्याची किंमत शून्य होते.

म्हणून मुलीची एक जुनी वही घेतली आणि मला काय येते ते लिहून काढायला बसलो. पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या. मुलगी वाचून म्हणाली, "पप्पा, 'कागद बघायचो' म्हणजे काय? दिवसाला किती गाड्यांचे? चूक सापडली तर काय करायचात?" तिच्या प्रश्नांनी वही भरत गेली. दिवसाला तीस-चाळीस गाड्यांचे कागद. बिलातली संख्या आणि लॉरी पावतीतली संख्या जुळत नसेल तर गाडी पुढे जाण्याआधी ओळखणे. गुजराती आणि हिंदी बोलणाऱ्या ड्रायव्हरांशी, व्यापाऱ्यांशी फोनवर बोलून घोळ निस्तरणे. आठ दिवसांनी वही वाचली तेव्हा एकोणीस वर्षे मी काय केले ते मलाच पहिल्यांदा नीट दिसले.

दुसरे काम कॉम्प्युटरचे. संध्याकाळच्या क्लासला विशीतल्या मुलांमध्ये बसून तीन महिन्यांत एक्सेल शिकलो. १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल नेताना ई-वे बिल सक्तीचे झाले. ते भरायला बसलो आणि लक्षात आले की यातही तेच आहे. बिल नंबर, मालाची किंमत, गाडी नंबर. शिवाय कायदा नवा असेल तर पंचविशीचा आणि पंचेचाळिशीचा, दोघेही एकाच रेषेवर उभे असतात. बांधवांनो, धंदा बदलताना अशी नवी रेषा कुठे आखली जात आहे ते पाहा. तिथे वय आडवे येत नाही.

तिसरी तयारी प्रश्नांची. आमच्या वस्तीतले बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ चार रविवार विहाराच्या हॉलमध्ये माझ्यासमोर साहेब बनून बसले. "आधीची नोकरी का सोडली?" याला उत्तर एका वाक्यात: जकात बंद झाली, नाका बंद झाला. पुढे रडगाणे नाही. "वय जास्त नाही का?" उत्तर: कागद तपासायला सवयीचा डोळा लागतो, तो माझ्याकडे आहे. "पगार किती हवा?" त्यासाठी प्रवासखर्च वजा करून घरात किती उरले पाहिजे याचा हिशेब पत्नीने आणि मी आधीच मांडला होता.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड. "वडील काय करायचे? मूळ गाव कुठलं? राहता कुठे?" वरून साधा, पण तो कशासाठी विचारला जातो हे आपल्याला कळते. ही आपल्या मनाची शंका नव्हे. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. सारख्याच शिक्षणाचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की घरची पार्श्वभूमी विचारणे त्यांना अगदी योग्य वाटते.

मग उत्तर काय द्यायचे? बँकेतले गृहस्थ म्हणाले, "खरं तेच सांगा, पण मान खाली घालू नका. आणि लगेच कामावर या." मी ठरवले: "वडील गोदीत माल उचलायचे. मी एकोणीस वर्षं मालाचे कागद पाहिले." एवढे बोलून थांबायचे. हे वाक्य मी आरशासमोर किती वेळा म्हटले असेल, त्याची गणती नाही.

अनुभवाचा दाखला द्यायला जुने मालक तयार झाले नाहीत. तेव्हा पगार जमा झालेले बँकेचे पासबुक आणि मला ओळखणाऱ्या दोन ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन नंबर बरोबर ठेवले. पहिल्या तीन ठिकाणी नकार मिळाला. एका ठिकाणी तर गाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्नच आला नाही. चौथी मुलाखत भिवंडीच्या एका गोदामात. साहेबांनी बिलांचा गठ्ठा पुढे टाकला आणि म्हणाले, "यात चूक शोधा." त्यात दोन होत्या. दोन्ही दाखवल्या. पगार पूर्वीपेक्षा दीड हजाराने कमी आणि घोडबंदरमार्गे रोजचा लांबचा प्रवास. पण प्रॉव्हिडंट फंड आणि ई.एस.आय. कापणार का, हे मी उठण्यापूर्वी विचारून घेतले. एजंटाकडे ते कधीच नव्हते.

आज पन्नाशी ओलांडली आहे आणि मी त्याच गोदामात कागदांचा विभाग पाहतो. अर्ज घेऊन माझ्याच वयाची माणसे येतात. "काय येतं?" विचारले की "काहीही करीन साहेब" म्हणतात. ऐकून पोटात कालवते. काहीही करणाऱ्याला काहीही दिले जाते.

दहावी-बारावीच्या मुलांचे आपण सत्कार करतो, त्यांच्यासाठी अभ्यासिका चालवतो. ते झालेच पाहिजे. पण चाळिशीत नोकरी गेलेल्या बापाला किंवा पहिल्यांदाच कामाला निघालेल्या आईला समोर बसवून कोणी प्रश्न विचारत नाही. प्रत्येक वस्तीत बँकेतला, पोस्टातला, ऑफिसातला एखादा माणूस असतोच. महिन्यातला एक रविवार, दोन खुर्च्या, एक वही. खर्च काही नाही. आपल्या विहारात येत्या रविवारीच सुरुवात करून पाहा.