गंज निर्दोष आहे

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये पत्र्याची धार हाताला लागली की सुपरवायझरचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘टीटी घेतलं का?’ (टीटी म्हणजे धनुर्वाताची लस.) चेतापेशींवर सोपं काहीतरी लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा प्रस्तुत लेखकाला हाच प्रश्न आठवला. सिनॅप्टोब्रेव्हिन या प्रथिनाचं नावही न ऐकलेली पिंपरी-चिंचवडची अख्खी औद्योगिक वसाहत रोज त्याचीच काळजी वाहते.

चेतापेशीच्या टोकाशी रासायनिक संदेशांनी भरलेल्या पुटिका थांबलेल्या असतात, एकेक जेमतेम ४० नॅनोमीटरची. आत कॅल्शियम शिरलं की सिनॅप्टोटॅग्मिन ते हेरतं आणि मिलिसेकंदाच्या आत पुटिका पेशीपटलात मिसळून रिकामी होते. त्यासाठी पुटिकेवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन आणि पटलावरची सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ ही प्रथिनं वेणीसारखी एकमेकांत वळत जातात. (प्रथिनं तीन, पेड मात्र चार, स्नॅप-२५ दोन पुरवतं. सोप्या चित्रांत तीनच काढतात. असो.) पुटिकांच्या या कारभाराचा उलगडा केल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडॉफ यांना २०१३चं नोबेल मिळालं.

धनुर्वाताचं विष म्हणजे एक विकर. ते सिनॅप्टोब्रेव्हिनला ७६व्या आणि ७७व्या अमिनो आम्लांच्या मधोमध तोडतं, हे १९९२ मध्ये इटलीतल्या पादुआ इथल्या मोंतेकुक्को यांच्या गटानं दाखवलं. गंमत पुढेच आहे. बोटुलिनम विषाचा ‘बी’ प्रकार नेमका तोच बंध तोडतो. तरी एकात शरीर ताठ होतं, दुसऱ्यात लुळं पडतं! ‘विषं वेगळी, म्हणून परिणाम वेगळे’ असं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. घाव एकच असतो. फरक विषाच्या मुक्कामाचा. बोटुलिनम चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावरच राहतं आणि ॲसिटिलकोलीन अडवतं. धनुर्वाताचं विष चेतातंतूतून उलटं चढत मेरुरज्जूत जातं आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींत शिरून ग्लायसीन व गाबा अडवतं. आवर सुटला की जबडा मिटतो तो उघडत नाही.

यात गंजाचा संबंध कुठे आला? धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू माती-शेणात असतात, आणि चाकणच्या कारखान्यांच्या कुंपणापलीकडे अजून शेतंच आहेत. गंजका खिळा बदनाम झाला तो मातीत पडून राहतो आणि खोल, प्राणवायू न पोचणारी जखम करतो म्हणून. चकचकीत नवा खिळा मातीने माखला असेल तर तोही तेवढाच घातक.

दुसरा गैरसमज टीटीच्या इंजेक्शनचा. पूर्वी पुरेसे डोस झालेल्याला ते उजळणी करून देतं. कधीच लस न घेतलेल्या कंत्राटी कामगाराच्या शरीरात मात्र पुरेसे प्रतिपिंड तयार व्हायला आठवडे लागतात. अशाची जखम मातीने भरलेली असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडही टोचावे लागतात. हल्ली ते माणसाच्या रक्तातून मिळतात. पूर्वी घोड्यांच्या रक्तातून काढत. घोड्यांपासून प्रतिविषं बनवण्याचं हाफकिनचं काम पिंपरीतच चालत आलं, हे या भागातल्या किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

हे प्रतिपिंडही रक्तात फिरणारं विष तेवढं पकडतात. चेतापेशीत शिरलेल्या विषापुढे त्यांचं काही चालत नाही. पेशी सावरेपर्यंत रुग्णाला कित्येक आठवडे अतिदक्षता विभागात सांभाळावं लागतं. शिवाय हे विष इतक्या सूक्ष्म मात्रेत काम करतं की तेवढ्यानं प्रतिकारशक्ती जागीच होत नाही. म्हणून धनुर्वातातून बरा झालेल्यालाही घरी सोडण्याआधी लस टोचतात.