ताम्हिणीचा चढ

पावसाळा सरला की सायकल आपोआप ताम्हिणी घाटाकडे वळते. पिरंगुट, पौड मागे पडतं आणि मुळशीच्या जलाशयाला वळसे घालत रस्ता रानात शिरतो. इथे एकच मोठा चढ नाही. चढ-उतारांची मालिका आहे. हलका गिअर टाकायचा, श्वास सांभाळायचा आणि रस्त्याच्या कलाने घ्यायचं.

या वेगात रान कळतं. सावलीत शिरताच अंगावरचा घाम गार होतो. ओल्या पाचोळ्याचा वास येतो. कडेला कारवीची दाट झुडपं; सात वर्षांनी एकदाच फुलणारी. वर फांद्यांत खसपस झाली की मी थांबतो. शेकरूचं घर आहे हे, आणि २०१३ पासून अभयारण्यही.

जलाशय पाहताना मात्र मन जड होतं. याच पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मुळशीकरांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्यासोबत उभे राहिले. मुळा नदीचं हे पाणी आज सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं. आमचे दिवे त्यावर लागले. गावं मात्र बुडाली.

घाटमाथ्यावर कोकणातला वारा तोंडावर येतो आणि पायांतला शीण जातो. पण मागून भरधाव गाड्या येतात, दरीत बाटल्या भिरकावल्या जातात. निदान रविवारची सकाळ तरी या घाटात मोटारींना बंद असावी, असं मला मनापासून वाटतं. पोरांना घेऊन माणसं निर्धास्त सायकली चालवतील आणि ज्या रानातून गेली, त्याची काळजीही करू लागतील.