दोऱ्याची लांबी

हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा 'काप केवढा?' हाच असतो. उजव्या कुशीला, फासळ्यांमधून, पाच-सहा सेंटिमीटर, असं सांगितलं की सोबतच्यांचे चेहरे खुलतात. छातीचं मधलं हाड कापायचं नाही, म्हणजे माणूस लवकर हिंडूफिरू लागणार. खरंच आहे ते. पण झडपेला बाहेरच्या जखमेशी काय देणंघेणं?

या कापातून बोटं आत जात नाहीत. हृदयाचं काम तेवढ्यापुरतं सांभाळणाऱ्या पंपाच्या नळ्या जांघेतून, कॅमेरा शेजारच्या छिद्रातून आणि टाके लांब दांड्यांच्या अवजारांनी. गाठसुद्धा दांडीनेच ढकलायची. स्पर्श गमावतो आपण. उलट मॉनिटरवर मिट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, इतकी स्वच्छ दिसते, की मोठ्या कापातून मान वाकडी करूनही दिसली नसती.

झडप बदलण्यापेक्षा दुरुस्त करण्याची शिस्त पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी घालून दिली. त्यांचा 1983 चा 'फ्रेंच करेक्शन' हा लेख आजही वाचावा असा. कड घट्ट करणारी रिंग त्यांचीच. रिंग मापाने निवडता येते. खरी परीक्षा दोऱ्याची.

पाकळीला खालून धरणारा दोरा तुटला, की ती वरच्या कप्प्यात उलटते आणि रक्त मागे फिरतं. तिथे गोरटेक्स या कृत्रिम धाग्याचा नवा दोरा घालतो. पण लांबी किती ठेवायची? समोरचं हृदय थांबलेलं, रिकामं, ढिलं. माप मात्र भरलेल्या, धडधडणाऱ्या हृदयाचं हवं. सैल राहिला तर गळती तशीच. आखडला तर पाकळी मिटणार नाही. शेजारच्या धडधाकट दोऱ्यावरून अंदाज घ्यायचा, त्यात गोरटेक्स गुळगुळीत, गाठ बांधताना सरकणारा. सलाइन भरून पाहिलं की झडप छान मिटलेली दिसते. त्यावर मी पूर्ण विसंबत नाही. हृदय सुरू झाल्यावर भूलतज्ज्ञ अन्ननलिकेतल्या इकोवर काय बघतात, तोच निकाल. गळती दिसली तर पुन्हा पंप, पुन्हा हृदय थांबवणं.

शिवाय आपल्याकडे लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने जाड झालेल्या, आक्रसलेल्या झडपा अजून येतात. तिथे नुसता दोरा पुरत नाही. चिकटलेलं सोडवावं लागतं, पाकळीला ठिगळ लावावं लागतं. रुग्ण तरुण मुलगी असेल तर धातूची झडप म्हणजे रक्त गोठू न देणारं वॉरफरिन जन्मभर, आणि गरोदरपणात तिला नि बाळाला, दोघांनाही धोका. तेव्हा दुरुस्तीसाठी वेळ आणि बोटं दोन्ही हवीत. अशा वेळी मी सरळ मधला काप घेतो. नातेवाईक नाराज होतात. होऊ देत.