खरेदी देणार

आमच्या घरातील जुन्या पेटीत एका खरेदीखताची नक्कल आहे. १९५२ सालची, तासगाव तालुक्यातील साडेतीन एकर काळ्या रानाची. तीत आमच्या आजोबांचा उल्लेख 'खरेदी देणार' असा आहे आणि समोरच्याचा 'खरेदी घेणार' असा. विद्यार्थिदशेत ती प्रथम वाचली तेव्हा आम्ही अडखळलो. खरेदी देतात कशी? पण आपल्या दस्तांची भाषा तशीच आहे. तिथे विकणारा असा कोणी नसतोच. एक देतो, दुसरा घेतो.

पुढे साताऱ्यात अध्यापन करीत असताना हौसेने लॅटिन शिकू लागलो आणि 'एमेरे' या क्रियापदापाशी ही नक्कल पुन्हा आठवली. 'एमेरे' म्हणजे विकत घेणे. परंतु लुईस आणि शॉर्ट यांच्या १८७९ च्या कोशात त्याचा मूळ अर्थ नुसता 'घेणे' असा दिला आहे. प्राचीन लोक हा शब्द त्याच अर्थी वापरीत, अशी फेस्तुस या रोमन कोशकाराच्या परंपरेतही नोंद आहे. उपसर्ग लागलेल्या रूपांत तो जुना अर्थ टिकून राहिला : 'आदिमेरे' म्हणजे हिरावून घेणे, 'एक्सिमेरे' म्हणजे काढून घेणे, 'सूमेरे' म्हणजे उचलून घेणे. विम्याचा 'प्रीमियम' याच घराण्यातला. मुळात तो 'अगोदर घेतलेला' वाटा, म्हणजे बक्षीस. आज तो आपण भरतो, ही गोष्ट वेगळी!

मराठीला यात नवल वाटण्याचे कारण नाही. 'यंदा बैल घेतला' म्हटले की पैसे मोजले हे ऐकणाऱ्यास कळते. संदिग्धता नकोच असेल तर आपण 'विकत' जोडतो, आणि तो शब्दही विकणाऱ्याकडून उसना आणलेला. तालुक्याच्या 'खरेदी-विक्री संघा'ची पाटी वाचताना आम्हांला हटकून गंमत वाटते. फारसीतून आलेली 'खरेदी' आणि संस्कृतातून आलेली 'विक्री' या दूरच्या बहिणी आहेत. विकत घेणे या अर्थाचा संस्कृत 'क्री' धातू आणि फारसी 'खरीदन्' यांचे मूळ एकच.

घेण्यातला हात रोमन कायद्यातही दिसतो. 'मान्सिपातिओ' या विधीत पाच साक्षीदार आणि एक तराजूधारी यांच्यासमोर घेणारा प्रत्यक्ष वस्तूवर हात ठेवी, ती आपली असल्याचे उच्चारी आणि ब्राँझचा तुकडा तराजूवर वाजवी. गुलाम, बैल, इटलीतील जमीन यांचे हस्तांतर असे होई. पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या यात्रेत जनावरांचा बाजार पाहिलेल्यांना हे परके वाटू नये. बैलांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून ठरणारा सौदाही हातांचाच. फरक एवढाच, की रोमन विधी साक्षीदारांपुढे चाले आणि आपल्याकडील आकडा रुमालाखाली राही.

आम्हांला गुंतवून ठेवणारा प्रश्न मात्र निराळा आहे. घेणे या क्रियापदात किंमत दिसत नाही. साठच्या दशकात पूर्ण झालेल्या कोयना धरणासाठी ज्यांची गावे बुडाली, त्यांच्याबाबत 'सरकारने जमीन घेतली' असेच वाक्य होते. शेजाऱ्याने रीतसर मोल देऊन जमीन घेतली तरी वाक्य तेच. १८९४ च्या कायद्याने पहिल्या घेण्याला 'संपादन' असे भारदस्त नाव दिले आणि मोबदल्याची तरतूद केली, पण नाही म्हणण्याची मुभा मालकाला ठेवली नाही. 'आदिमेरे' आणि 'एमेरे' यांतले अंतर एका उपसर्गाचे आहे. मराठीत तेवढेही नाही.

आजोबांनी रान विकले नव्हते. सावकाराकडून कर्ज काढताना ते 'नावापुरते' खरेदीने लिहून दिले होते. पैसे फेडले की रान परत, असा शब्द होता, तोंडी. आमच्या भागात याला मुदत खरेदी म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तिला गहाण मानले आहे, परंतु १९२९ च्या दुरुस्तीने अट घातली की परतीची शर्त त्याच दस्तात हवी. आमच्या नक्कलेत ती नाही. आम्ही ती कितीतरी वेळा वाचली आहे. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने अशा जमिनी परत देण्याची वाट काढली, ती मागील पंधरा वर्षांतल्या व्यवहारांपुरती.

लॅटिनमध्ये 'रेदिमेरे' म्हणजे परत विकत घेणे, पैसे देऊन सोडवणे. कैदी सोडवणे, गहाण सोडवणे. पुढे ख्रिस्ती धर्मात जीव सोडवणाऱ्याला 'रेदेम्प्तोर' म्हणू लागले. आजोबांचाही शब्द सोडवण्याचाच होता. 'पुढच्या सुगीला सोडवून घेऊ' असे ते म्हणत, आणि अशा किती सुग्या गेल्या ते आमच्या वडिलांना पाठ होते.

आता त्या रानात द्राक्षबाग आहे. बांधावरून जाताना आजीला कोणी विचारले, तर 'विकलं' हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. 'रान गुंतलंय,' एवढेच ती सांगे.